हनोक आंबेपूरकर वाचून दाखवतो

हनोकने खिशातून लवंग काढून तोंडात टाकली की मी स्कूटरची किल्ली चाचपायचो. लवंग म्हणजे घसा साफ करणं, घसा साफ करणं म्हणजे वाचन, आणि वाचन म्हणजे समोर असा माणूस बसलेला, ज्याच्याविरुद्ध उद्याच्या पेपरात बातमी येणार आहे. ती बातमी हा बाबा आदल्या दिवशी त्या माणसाच्या घरी जाऊन, त्याच्याच खुर्चीत बसून, त्यालाच मोठ्याने वाचून दाखवायचा. अख्खी, मथळ्यासकट. आणि मी शेजारी, कॅमेरा मांडीवर घेऊन, दाराकडे नजर लावून.

मी भित्रा माणूस आहे. आता वय झालं, सांगायला लाज वाटत नाही. नाशकात द्वारकेला माझा लहानसा स्टुडिओ होता. लग्नं, पासपोर्टचे फोटो आणि उरलेल्या वेळात पेपरचं काम. नव्वद सालानंतरची ती वर्षं, पेपरला स्वतःचा फोटोग्राफर परवडत नव्हता. स्कूटर माझी, पेट्रोल पेपरचं आणि मागच्या सीटवर पेपरचा बातमीदार हनोक. चढताना त्याचं एकच वाक्य ठरलेलं असायचं. "दिगू, तिथे पोचलास की स्कूटर रस्त्याकडे तोंड करून लाव."

म्हणजे बघा, तो शूर वगैरे होता असं कोणी समजू नये. माझ्यापेक्षा जास्त घाबरायचा. वाचायच्या आधी त्याचे कान लाल व्हायचे, तळहात पॅंटला पुसायचा, दोनदा पाणी मागायचा. मी चिडून म्हणायचो, "अरे गाढवा, एवढी फाटते तर जातोस कशाला?" तर म्हणायचा, "तू घाबरलास? छान. मी पण. चल."

हनोक आपल्याकडच्या बेने इस्रायली ज्यूंपैकी. अलिबागकडचं मूळ. पूर्वज तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणायचे, हे तो प्रत्येक नव्या माणसाला कौतुकाने सांगायचा. वडील रेल्वेत गार्ड, बदली होऊन नाशकात आले आणि इथलेच झाले. इंदिरानगरात फ्लॅट, घरात तो आणि त्याची आई राहेलमावशी. लग्न जमलं नाही. जमवायला ज्यू मुलगी नाशकात आणायची कुठून, असं मावशी म्हणायची. शनिवारी हनोक कामाला यायचा नाही म्हणजे नाही. आम्ही मारुतीला तेल घालून ऑफिसला जायचो तेव्हा हा घरी पाय पसरून बसलेला.

त्यांच्या दाराच्या चौकटीला एक बोटभर डबी ठोकलेली असते, आत प्रार्थनेचा कागद. जाता-येता तिला बोटं लावायची आणि ओठांना टेकवायची. हनोकला ती सवय इतकी जडलेली की तो कुठल्याही चौकटीला हात लावायचा. ऑफिस, पोलीस चौकी, सलून, काही असो. डबी नसली तरी हात आपला वर जायचा. चहावाला विचारायचा, "साहेब, रंग ओला आहे का बघता काय?"

आणि त्याचा गळा! काय सांगू. हनोक माणसाचं बोलणं जसंच्या तसं लिहून घ्यायचा, अडखळण्यासकट. आणि वाचताना तो माणूसच होऊन जायचा. नक्कल नव्हती ती. नकलेत टिंगल असते, याच्यात नव्हती. डोळे मिटलेत तर हनोक खोलीत नाही, ती म्हातारी आहे, तो ट्रकवाला आहे.

एकदा जकात नाक्यावरच्या एका साहेबांना बातमी वाचून दाखवली. साहेब ट्रकवाल्यांना तासन्‌तास ताटकळत ठेवतात, अशी ती बातमी. हनोक एका पंजाबी ड्रायव्हरच्या आवाजात वाचत होता, बाहेरचे दोन ड्रायव्हर खिडकीशी येऊन उभे राहिले, आपला कोण माणूस आत बोलतोय बघायला. माझं लक्ष साहेबांच्या हाताकडे, कारण टेबलावर मोठा पेपरवेट होता. साहेबांनी शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाले, "सगळं ठीक आहे हो, पण मी निरीक्षक नाही, अधीक्षक आहे. तेवढं सुधारा." हनोकने सुधारलं. बाहेर येऊन मी दहा मिनिटं हसत होतो, हसू कसलं, सुटलेला जीव होता तो.

हे खूळ कशापायी, असं मी एकदा विचारलं. त्याच्या वडिलांविरुद्ध कुठल्याशा पेपरात दोन ओळी छापून आल्या होत्या. मालगाडीतला माल गार्डाच्या संगनमताने गेला म्हणून. खोट्या होत्या. वडिलांना त्या कळल्या कुठे, तर सलूनमध्ये. दाढीला साबण लावलेला, आणि शेजारच्या खुर्चीवरचा माणूस मोठ्याने वाचतोय. "बाबा अर्धी दाढी तशीच ठेवून घरी आले," हनोक म्हणाला. "कोणी आधी येऊन विचारलं असतं, तर ते म्हणाले असते, त्या दिवशी मी रजेवर होतो. एवढंच. म्हणून मी आधी जातो. ज्याच्यावर लिहायचं त्याने ते सगळ्यांच्या आधी ऐकायचं."

संपादक डोक्याला हात लावायचे. पण हनोकच्या बातमीवर कधी खुलासा छापावा लागला नाही, म्हणून गप्प बसायचे.

आता घोटीचं सांगतो. ते सांगायला नको वाटतं, पण ते सांगितल्याशिवाय हनोक सांगता येणार नाही.

घोटीच्या बाजारपेठेत नानाशेठ म्हणून एक भातगिरणीवाले होते. गोरेपान, मऊ बोलणारे, सगळ्यांना अहो-जाहो. तिथून आत डोंगराकडे एका पाड्यावर, गावाला पाण्याची टाकी बांधायची म्हणून त्यांनी लोकांच्या सह्या-अंगठे घेतले आणि पुढे त्या जागेला तारेचं कुंपण पडलं. फार्महाऊस होणार होतं. आम्ही दुसऱ्याच कामावरून परत येत होतो, तर एक बाई डोक्यावर भाताच्या रोपांचा भारा घेऊन एका लोखंडी फाटकापुढे उभी. फाटकाला कुलूप. पलीकडे तिचंच शेत.

तिचं नाव चांगुणा. नवरा गोमा नाशकाकडे द्राक्षबागेत कामाला गेलेला. पाड्यावर कोणीच तोंड उघडत नव्हतं, ही मात्र बोलली. एकेक वाक्य बोलायची आणि मान तिरकी करून विचारायची, सांग बरं.

"टाकी व्हईल म्हनला. आमी म्हनलं, बरं. तं तारा ठोकल्या. आता माझ्या शेतात मला इचारून जावं लागतं. शेताला कधी फाटक असतं का? आं? सांग बरं."

जाताना म्हणाली, "माझं नाव नको लिवू, भाऊ. मी हितं एकली रहाते." हनोक म्हणाला, "नाही लिहिणार." आणि नाही लिहिलं. बातमीत फक्त 'एक शेतकरी बाई' एवढंच होतं. मी फाटकाचा फोटो काढला, तिचा नाही.

मग वाचन. भातगिरणीच्या ओसरीवर. गिरणी धडधडत होती. नानाशेठनी एक बोट वर केलं आणि गिरणी बंद झाली. सगळीकडे एकदम शांत, नुसता तूस हवेत उडतोय. मला त्या बोटाचीच भीती वाटली. चहा आला. हनोकचा हात सवयीने ओसरीच्या खांबाला लागून ओठांकडे गेला. मग लवंग.

त्याने वाचलं. मधे ती बाई आली. आणि अर्थातच तिच्या आवाजात आली. ती मान, ते 'आं', ते 'सांग बरं'. गिरणीतले हमाल दारात येऊन उभे राहिले होते. वाचून झाल्यावर नानाशेठनी टाळ्या वाजवल्या. खरंच वाजवल्या.

"वा! काय गळा आहे हो तुमचा. ते त्या बाईचं तेवढं परत वाचा ना."

आणि हनोकने वाचलं. कौतुक कोणाला नको असतं? कान लाल होते, पण आता ते कौतुकाने. पहिल्यापेक्षाही छान वाचलं त्याने. माझ्याही तोंडून 'वा' निघालं असतं.

नानाशेठ हमालांकडे वळून म्हणाले, "गोमाची बायको. चांगुणा. आपण तिला मुकी समजत होतो की रे." मग हनोककडे बघून हसले. "चांगलं बोलते. घ्या, चहा गार होतोय."

हनोकचा चेहरा कसा झाला ते मी सांगू शकत नाही. बशी ठेवताना तिचा आवाज झाला. एक हमाल केव्हा निघून गेला ते आम्हाला कळलं नाही. जीप सुरू झाली तेव्हा कळलं.

स्कूटर रस्त्याकडे तोंड करून होती. त्या दिवशी पाड्याकडे मी जशी चालवली तशी आयुष्यात चालवली नाही. मागे हनोक एकच बडबडत होता, "नाव नव्हतं रे दिगू. मी नाव नव्हतं लिहिलं." डांबरी संपून कच्चा रस्ता लागला आणि मागे जीपचा हॉर्न. ती आम्हाला ओलांडून पुढे गेली आणि आडवी उभी राहिली. ड्रायव्हर उतरला. मला वाटलं, संपलं. बायको, पोरी, स्टुडिओ, सगळं डोळ्यांपुढे आलं. तो जवळ आला, हँडलवर हात ठेवला आणि म्हणाला, "फुडं रस्ता लय खराब हाय, सायेब. सांभाळून जा." आणि जीपला टेकून बिडी ओढत उभा राहिला. आम्ही बाजूने काढली, तर त्याने हात हलवून निरोप दिला. मारलं असतं तर बरं, असं वाटावं असा तो हात होता.

चांगुणा दारातच होती. हनोकने तिला सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. ती म्हणाली, "मंग तू नाव नाय सांगितलंस, तं त्याला कळलं कसं?" मीच म्हणालो, "बाई, चला आधी. मग सांगू." तिने रोपांकडे बघितलं, मग कोयता पदराखाली घेतला आणि आली. तिघं एका स्कूटरवर. जीप त्याच जागी होती. आम्ही पुढून गेलो, कोणी काही बोललं नाही.

इंदिरानगरच्या फ्लॅटमध्ये राहेलमावशीने दार उघडलं. तिला काही सांगावं लागलं नाही, मुलाचं तोंड बघूनच कळलं. "ये गो बाय, आत ये," एवढंच म्हणाली. चांगुणा पुढचे काही दिवस तिथे राहिली. दोघी स्वयंपाकघरात बसून तांदूळ निवडायच्या आणि आपापल्या बोलीत बोलायच्या. घरचा फोन वाजायचा. उचलला की पलीकडे कोणी नाही, नुसता गिरणीचा आवाज. मावशी फोन उशीखाली ठेवायला लागली. बेने इस्रायली लोक एलियाहू हन्नाबी या प्रेषिताला नवस बोलतात, आणि फेडायचा म्हणजे गोड पोह्यांचा मलिदा करतात. मावशीने तो बोलून टाकला. बाई सुखरूप तिच्या घरात राहायला लागली की मलिदा करीन.

बातमी छापायची का, यावर ऑफिसात दोन दिवस खल झाला. हनोक नको म्हणत होता! जन्मात पहिल्यांदा. निकाल चांगुणानेच लावला. "आता लिव. नावासकट लिव. त्याला ठावं हाय, मंग समद्यांना ठावं होऊ दे. माझं काय झालं तं लोकं इचारतील तरी, ती बाई कुटं गेली." मी तिचा फोटो काढला, तो पहिल्या पानावर आला. तहसीलदारांना पाड्यावर जावं लागलं. कुंपण निघालं, फाटक निघालं. चांगुणा घरी गेली, उशिरा का होईना लावणी केली. मावशीने पोहे आणायला सांगितले.

ते पोहे तसेच राहिले. गोमा बाजाराला घोटीत आला होता. कोणी मारलं, कुणी पाहिलं नाही. भर बाजारात, आणि कुणी पाहिलं नाही. पाय मोडला, तो पुढे वाकडाच जुळला. आम्ही दवाखान्यात गेलो. चांगुणा कॉटशेजारी जमिनीवर बसली होती. हनोक समोर उभा राहिला, हात जोडले. ती त्याच्याशी एक शब्द बोलली नाही. शिव्या दिल्या असत्या तर तो रडला असता, मोकळा झाला असता. ती फक्त बघत राहिली.

त्यानंतर हनोकने लवंग टाकली नाही. बातम्या लिहायचा, पण वाचून दाखवणं बंद. ऑफिसात साधा मथळा वाचायचा तरी रेल्वेच्या घोषणेसारखा सपाट. मी म्हटलं, "अरे, तुझा काय दोष?" तर म्हणाला, "नाव झाकलं आणि माणूस उघडा केला. माझं तोंड माझ्या ताब्यात नाही, दिगू." फोन येतच होते. एक दिवस पलीकडून कोणीतरी मऊ आवाजात मावशीच्या प्रकृतीची चौकशी केली. इस्रायलला हनोकची बहीण होती. मावशी एकटी जाईना, म्हणून हा पोचवायला गेला. दोन महिन्यांत येतो म्हणाला. नाशकात लोक म्हणायला लागले, आंबेपूरकर पळाला. घोटीत तर मोठ्याने म्हणायचे. मी दोघा-तिघांशी यावरून भांडलो, माझ्यासारखा माणूस!

पुढचा हनोक मला फोनवरच भेटला. शुक्रवारी दुपारी, त्याचा शब्बाथ, म्हणजे शनिवारचा विसावा, लागायच्या आत. दक्षिणेकडे वाळवंटातलं एक गाव, तिथे आपली मराठी ज्यू कुटुंबं बरीच. पहिली काही वर्षं कारखान्यात खोकी बांधली, हिब्रू शिकला. मग तिथल्या मराठी लोकांच्या मासिकात लिहायला लागला, मग एका हिब्रू साप्ताहिकात. कोणाचं पेन्शन अडलंय, कोणाच्या घराला ओल आलीये, असली कामं करता करता लोकांनीच त्याला नगरपालिकेला उभं केलं. आणि निवडून आला की पठ्ठ्या! आमच्या ऑफिसात पेढे वाटले. नंतर उपनगराध्यक्ष झाला. मी विचारलं, "भाषणं कशी करतोस रे?" म्हणाला, "लोक म्हणतात, आंबेपूरकर प्रामाणिक आहे, पण झोप येते."

तिथे रॉकेट येतंय म्हणून भोंगा वाजला की आसऱ्याच्या खोलीत धावायचं असतं. एकदा फोन चालू असतानाच तो वाजला. मला इथे, द्वारकेच्या गोंगाटात ऐकू आला. हनोक ओरडला, "थांब, पळतो!" आणि पावलांचा आवाज. मी रिसीव्हर धरून उभा, गिऱ्हाईक फोटोसाठी खोळंबलंय. बऱ्याच वेळाने तो परत आला. धापा टाकत म्हणाला, "दिगू, गंमत बघ. इथे पळणं हा नियम आहे. नाशकात कोणी म्हणालं आंबेपूरकर पळाला, तर सांग, हो, रोज पळतो."

पुढे एका पक्षाने संसदेच्या निवडणुकीच्या यादीत त्याचं नाव घेतलं. तिथे म्हणे माणसाला मत नसतं, यादीला असतं. नाव वर असलं तर माणूस संसदेत जातो. मराठी माणूस, नाशिकचा, तिकडच्या संसदेत! वर ठेवायचं की खाली, हे एका सभेत ठरणार होतं. हनोकला बोलायचं होतं लिआबाईंवर. अलिबागकडची म्हातारी, भोंगा वाजला तेव्हा आसऱ्याच्या दाराला कुलूप होतं, आणि ती काठी घेऊन बाहेर उभी राहिली होती. तिचं बोलणं त्याने जसंच्या तसं उतरवलं होतं. सभागृह भरलेलं. आणि हनोकने ते वाचलं सपाट. नळाच्या बिलासारखं. लोक घड्याळं बघायला लागले. मागून लिआबाई मराठीत ओरडल्या, "अरे हनोक, मी अशी मेल्यासारखी बोलते काय रे?"

नाव यादीच्या तळाला गेलं. कुलूप दाराला तसंच राहिलं. फोनवर त्याने आधी लिआबाईंचं ते वाक्य सांगितलं. मग म्हणाला, "तिथे कोणी नानाशेठ नव्हता रे. तरी घसा बंद झाला. त्या दाराचं कुलूप निघालं असतं, दिगू. मी नीट वाचलं असतं तर निघालं असतं."

दोन हजार सालानंतर चारपाच वर्षांनी राहेलमावशी तिकडेच वारली. जाताना मुलाला म्हणाली, माझा मलिदा राहिलाय. तेवढ्यासाठी हनोक नाशकात आला. केस पांढरे, पोट सुटलेलं, पण माझ्या घरात शिरताना हात चौकटीला लागलाच. म्हणाला, "घोटीला येशील? एकट्याने जायची भीती वाटते." कोणाची भीती, विचारलं. मला वाटलं, नानाशेठची. म्हणाला, "चांगुणाची."

आता माझ्याकडे जुनी मारुती गाडी होती. घोटीपर्यंतचा रस्ता रुंद झालेला. पाड्याशी पोचलो आणि मी गाडी वळवून रस्त्याकडे तोंड करून लावली. हनोकने ते बघितलं आणि हसला. येताना तेवढाच एकदा हसला.

गोमा लंगडत पुढे आला. हनोकची नजर त्याच्या पायावर, ती उठेना. चांगुणा मागून आली. थोराड झालेली, कपाळाला मोठं कुंकू. ग्रामपंचायतीत मेंबर आहे, गोमाने आल्या आल्या सांगितलं. हनोकने मलिद्याचं सांगितलं. तिने तिच्याच भाताचे पोहे काढले, गूळ चिरला, खोबरं किसलं. हनोकने प्रार्थना म्हटली. त्यासाठी खरं तर दहा ज्यू पुरुष लागतात, इथे आम्ही दोघं हिंदू पुरुष आणि एक बाई. "आई चालवून घेईल," म्हणाला. सगळं होईपर्यंत ती जुन्या गोष्टीचं काहीच बोलली नाही. मला तीच दवाखान्यातली शांतता आठवत होती, हनोकलाही आठवत असणार.

मग ती आत गेली आणि प्लॅस्टिकच्या पिशवीतून पेपरचं ते पान घेऊन आली. पिवळं पडलेलं. मी काढलेला फोटो, तिचा चेहरा.

"भाऊ," ती म्हणाली, "तू हे त्याला वाचून दावलंस. त्याच्या हमालांना दावलंस. मला कुटं दावलंस?"

मी इतकी वर्षं त्याच्याबरोबर फिरलो, पण माझ्याही कधी डोक्यात आलं नव्हतं. ज्याच्याविरुद्ध बातमी, त्याला पहिल्यांदा. जिची बातमी, तिला कधीच नाही.

"वाच," ती म्हणाली.

त्याने वाचलं. सपाट, अगदी सपाट. चांगुणा मान तिरकी करून ऐकत होती. "ही मी नाय," ती म्हणाली. "तवा तं तू माझ्यावानी बोलला हुतास ना? त्या आवाजापायी त्याला कळलं, गोमाचा पाय गेला. तो आवाज मला बी ऐकायचाय."

"नाही जमत, बाई. भीती वाटते."

"मला नव्हती वाटत? मी रोज कोयता उशाला घिऊन निजायची."

तेवढ्यात बांधापलीकडच्या रस्त्यावर गाडीचा आवाज आला. पांढरी, काळ्या काचांची. वेग कमी झाला आणि घरासमोर उभी राहिली. इंजिन चालू. एक काच थोडी खाली आली. आत कोण ते दिसलं नाही, पण गोमा न बोलता उठून घराच्या आत गेला. नानाशेठ अजून होते, अजून मऊ बोलत होते, हे मला वाटेतच कळलं होतं. मी खिशातून चावी काढली. हनोकचा हात गळ्याकडे गेला.

चांगुणा उठली. अंगणाच्या कडेला जाऊन रस्त्याकडे तोंड करून उभी राहिली, कमरेवर हात. आणि पहिल्यापासून बोलायला लागली, पेपरात होतं तेच. "टाकी व्हईल म्हनला. आमी म्हनलं, बरं..."

हनोकने खिसा चाचपला. लवंग नव्हती. तो उठला, चौकटीला हात लावून ओठांना टेकवला आणि तिच्या शेजारी जाऊन उभा राहिला. पान त्याच्या हातात होतं, पण तो त्याच्याकडे बघत नव्हता. आधी नुसते ओठ हलले.

मी गाडीची चावी मुठीत धरून ओट्यावर बसलो होतो. समोर गाडीचं इंजिन चालूच होतं. मला पाठमोरी दोघंच दिसत होती, एक लुगडं आणि एक पांढरं डोकं. "शेताला कधी फाटक असतं का?" असं मोठ्याने ऐकू आलं. "आं? सांग बरं." त्या दोघांतलं कोण बोललं, ते मला कळलं नाही.